परिक्रमेचा आगाऊ वृत्तांत

कैलासाला जायचं हे मी ठरवलं नाही. ते गिरीशच्या घरामागच्या लाकडी डेकवर, त्याच्या माचूपिचूच्या फोटोंमुळे ठरलं.

गिरीश आणि त्याची बायको सुवर्णा इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. माणूस वाईट नाही, पण प्रवासाहून आला की साबुदाणा वड्यांचं आमिष दाखवून लोकांना बोलावतो आणि टीव्ही डेकवर आणून फोटो दाखवतो. प्रत्येक फोटोत पुढे गिरीश आणि उरलेल्या जागेत माचूपिचू. मी निमूटपणे वडे खात होतो. तेवढ्यात तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गुरू, रिटायर झालास म्हणे. मग आता काय? लॉन?"

आता लॉन मी कापतो, आणि उत्तम कापतो. पण त्या 'लॉन'मध्ये जे काही होतं ते माझ्या वर्मी लागलं. तोंडातून निघून गेलं, "आम्ही कैलासाला चाललोय. परिक्रमेला."

डेकवर एकदम शांतता पसरली. ती मला फार आवडली. पण शेजारी नंदा बसली होती हे मी विसरलो होतो. तिच्या माहेरी, सांगलीला, देवघरात कैलासाचा फोटो होता. तिचे वडील जन्मभर 'एकदा जायचंय' म्हणत राहिले आणि राहूनच गेलं. तो फोटो आता आमच्याकडे आहे. नंदाने हातातली चटणीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, खरंच?" त्या चेहऱ्याकडे बघून 'नाही गं, असंच म्हटलं' म्हणणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी, गुरुदत्त खांबेटे, आयुष्यभर औषधांच्या कंपन्यांमध्ये क्वालिटी विभागात होतो. आमच्या धंद्यात एकच धर्म: काम करायचं, मग लिहायचं, मग सही करायची. आधी लिहिणं हे महापाप. एका इंजिनिअरने चार वाजताचं तापमान तीन वाजताच नोंदवून ठेवलं होतं, त्याला मी प्लांटमधून थेट घरी पाठवला होता. माझी सही म्हणजे झालेल्या गोष्टीची सही, असा माझा लौकिक होता. बाकी माझ्याकडे मिरवण्यासारखं फार काही नाही हो.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. डेकवर सगळ्यात शेवटी उठलेली सुवर्णा दुसऱ्या दिवशी सकाळी कापडी पुरचुंडी घेऊन हजर. "भावजी, भीमसेनी कापूर. गळ्यात बांधायचा आणि सारखा हुंगायचा. उंचावर श्वास लागत नाही." गिरीश म्हणाला लसणाचं सूप. देवळातले एक काका म्हणाले, वर जाताना मागे वळून बघायचं नाही. का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमची लेक आन्या टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला असते, फिजिकल थेरपिस्ट आहे. ती फोनवर म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन डू द स्टेअर्स ॲट पेन स्टेशन." मी म्हटलं, तिथे एस्कलेटर बंद होता. ती म्हणाली, "एक्झॅक्टली."

मग कागदपत्रं. चीनचा व्हिसा एकट्यादुकट्याला नाही, गटाला. गट काठमांडूत जमणार. काठमांडूचा एजंट मध्यरात्रीच्या सुमाराला मेसेज टाकी की फोटोत कान दिसत नाहीत. माझे कान दिसत नाहीत ही तक्रार माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाली.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. हेलिकॉप्टरने खाली आणायची सोय हवी, म्हणून फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई.

"सर, तुम्ही त्या पर्वतावर चढणार आहात का?"

"नाही. त्याच्यावर कुणी चढत नाही. चढायचंच नसतं."

"मग काय करणार?"

"भोवती फिरणार."

"आणि मग?"

"मग परत येणार."

बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग ती म्हणाली, "सर, आमच्याकडे गिर्यारोहण आहे आणि साइटसीइंग आहे. भोवती फिरणं नाहीये. तिथे घोडे असतात का?" असतात, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. तिला हायसं वाटलं आणि तिने मला घोडेस्वारीत घातलं. क्वालिटीचा माणूस म्हणून मला हे खटकलं, पण मी गप्प बसलो. आता वाटतं, घसरण तिथूनच सुरू झाली.

सरावासाठी मी तळ्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. पाठीवर वजन हवं म्हणून इंडियन ग्रोसरीतली तांदळाची मोठी पिशवी बॅकपॅकमध्ये कोंबली. गळ्यात कापूर, डोक्यावर नंदाने विणलेली माकडटोपी, हातात काठी. कुत्रं फिरवणारी एक म्हातारी अमेरिकन बाई रोज समोरून यायची आणि माझ्याकडे बघून हळहळायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने मला थांबवलं आणि हळूच विचारलं, रात्री झोपायला जागा आहे ना? मी म्हटलं, बाई, माझं चार बेडरूमचं घर आहे. ती म्हणाली, "ऑफ कोर्स यू डू, डिअर," आणि माझ्या हातात एक ग्रनोला बार ठेवला. मी तो बाणेदारपणे परत करणार होतो, पण दम इतका लागला होता की बोलवेना. खाल्ला. नंदा माझ्याबरोबर निघायची आणि मी अर्ध्यावर असताना फेरी संपवून, बाकावर बसून विणत असायची.

अशात मेमध्ये उत्तराचा फोन आला. उत्तरा आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची संपादक. हुशार मुलगी, पण लेख गोळा करताना तिच्यात वसुली करणाऱ्याचा संचार होतो.

"काका, कैलासवर लेख हवा. मोठ्ठा लिहा."

"अगं, आम्ही ऑगस्टमध्ये जाणार. आल्यावर देतो."

"आल्यावर गणपती! अंक पुण्याला छापायला जातो ना काका, मेअखेर मजकूर गेलाच पाहिजे. तुम्ही आत्ताच लिहून द्या."

"अगं, पण मी गेलो कुठाय?"

"पण जाणारच आहात ना? अंक लोकांच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही जाऊन आलेले असाल. मग खोटं कुठाय त्यात? आणि काका, तुमच्यासारखं मराठी आता कोण लिहितं इथे?"

हे शेवटचं वाक्य ती सगळ्यांना म्हणते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मी पाघळलो. बसलो लिहायला, आणि काय सांगू, लिहायला लागल्यावर हात थांबेना! मानसरोवराचा निळा रंग लिहिला, याकांच्या घंटा लिहिल्या. 'त्या पहाटे आकाश निरभ्र होते' असं ठोकून दिलं. तीन महिन्यांनंतरचं हवामान! त्या तापमानवाल्या इंजिनिअरची मला आठवण झाली, पण तोवर मी डोल्मा खिंडीत पोचलो होतो. परिक्रमेतली सगळ्यात उंच जागा ती, अठरा हजार फुटांच्या वर. तिथे मी लिहिलं: 'शेवटच्या चढावर सौभाग्यवतीचे पाऊल अडखळले. मी हात पुढे केला. ती क्षीण स्वरात म्हणाली, तुम्ही आहात म्हणून!' माझेच डोळे भरून आले. खाली नाव लिहिलं, सही केली, स्कॅन करून पाठवून दिलं.

सही केल्यावर भानावर आलो. आता मला कैलासाला जाणं भाग होतं. पुण्य मिळावं म्हणून नाही, नंदासाठीसुद्धा नाही, त्या सहीसाठी. गेलो नाही तर मंडळाच्या घराघरांत माझं खोटं छापून जाणार होतं, आणि गिरीश ते डेकवर मोठ्याने वाचून दाखवणार होता. गुडघा दुखत होता, जिना चढताना छातीत धडधडत होतं. मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. नंदा विचारायची, "अहो, जमेल ना तुम्हाला?" मी म्हणायचो, "न जमायला काय झालं?" आणि बाथरूममध्ये जाऊन धापा टाकायचो.

आन्या मात्र हटून बसली. "बाबा, आधी एक टेस्ट रन करा. प्लीज. फॉर मी." कोलोरॅडोत चौदा हजार फुटांचा एक डोंगर आहे, थेट माथ्यापर्यंत गाडी जाते. चार जुलैच्या सुट्टीत तिथे जायचं ठरलं.

विमानतळावर सिक्युरिटीने पहिल्यांदा गळ्यातली पुरचुंडी काढायला लावली. आत पांढरे खडे. "हे काय?" मी म्हटलं, "औषध." नंदा त्याच क्षणी म्हणाली, "देवाचं." ऑफिसरने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि खडा नाकाशी नेला. शिंकला. मग मोठे ऑफिसर आले, तेही शिंकले. तोवर माझ्या बॅकपॅकच्या फाटक्या कोपऱ्यातून ट्रेमध्ये तांदूळ सांडायला लागले होते. "आणि हे कशाला?" मी खरं ते सांगितलं, "चालायला." आयुष्यात खरं बोलून माझा कधी फायदा झालेला नाही. कापूर तिथेच राहिला.

डोंगराच्या माथ्यावर गाडीतून उतरलो. झकास ऊन होतं, लहान पोरं पळत होती, एक आजी दुकानाबाहेर गरम डोनट खात होत्या. मी कठड्याकडे निघालो. पाच-सहा पावलं टाकली असतील, तेवढ्यात कठडा जरा डावीकडे सरकला. मग डोंगरच सरकला. कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. नंदाच होती. तिने मला बाकावर बसवलं, रेंजरला हाक मारली, ऑक्सिजनचा डबा माझ्या तोंडाला लावला आणि माझे तळहात चोळत राहिली. तिचा श्वास अगदी शांत चालला होता. माझ्या तोंडून क्षीण स्वरात निघालं, "तू आहेस म्हणून..."

आणि मी चपापलो. हे वाक्य मी कुठेतरी लिहिलं होतं.

उतरताना गाडी नंदाने चालवली. झाडं दिसायला लागली, मला जरा बरं वाटलं, तेव्हा एकदाचं बोलून टाकलं. "नंदा, मला नाही जमणार गं. मी येऊ शकत नाही. तुझ्या वडिलांचं राहिलं, आता तुझंही माझ्यामुळे राहणार."

नंदाने गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून एवढा मोठा श्वास सोडला की काच धुरकटली. "सुटले गं बाई!"

"म्हणजे?"

"अहो, मला काय धापा ऐकू येत नाहीत? बाथरूमला दारच आहे ना, भिंत तर नाही! तिथे जाऊन मी कैलास बघू, की तुमचे ओठ निळे पडतायत का ते बघू? मी रोज देवाला म्हणत होते, ह्यांना आपणहून नाही म्हणायची बुद्धी दे."

"मग कॅन्सल करायचं?"

"कॅन्सल कशाला? सुवर्णा येतेय की. तुमच्या जागी तिचं नाव घालता येतं. एजंटला मी मागेच विचारून ठेवलंय."

"आणि गिरीश?"

"त्याला तिने विचारलेलंच नाही."

एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी खिडकी खाली केली, पोटभर श्वास घेतला आणि अर्ध्या श्वासात मला तो लेख आठवला.

नंदाला सगळं सांगितलं. बाकीचं तिने शांतपणे ऐकलं, पण एका जागी ती वळली. "काय लिहिलंत? माझं पाऊल अडखळलं? माझं?"

घरी पोचल्या पोचल्या उत्तराला फोन केला. ती म्हणाली, "काका, अंकांचे बॉक्स परवाच आलेत, गॅरेजमध्ये आहेत. मीच तुम्हाला फोन करणार होते. आपण... भेटूनच बोलू या का?" तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तिला कुठून तरी कळलं असणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही. आमच्या धंद्यात चूक झाली की ती लपवायची नसते, झालेल्या चुकीचा रिपोर्ट लिहायचा असतो. मी चिठ्ठ्या छापल्या: 'सदर यात्रा लेखकाने केलेली नाही. वाचकांनी क्षमा करावी.' सही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि गोंदाच्या कांड्या घेऊन मी उत्तराच्या दारात उभा राहिलो.

तिने चहा विचारला. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारला. माझ्या नजरेला नजर देत नव्हती. गॅरेजमध्ये गेलो, बॉक्स रचून ठेवलेले. मी घसा साफ केला.

"उत्तरा, मला काहीतरी सांगायचंय. जे छापलंय ते..."

"काका, प्लीज रागावू नका!"

"मी कशाला रागावू? चूक माझी आहे. मी प्रत्येक अंकात स्वतः चिकटवीन. तू फक्त पान दाखव."

"तेच तर!" ती रडवेली झाली. "पानच नाहीये काका. तुमचा लेख अंकात नाहीच!"

मला वाटलं, ऑक्सिजन पुन्हा कमी झाला.

"शेवटच्या दिवशी एका मॉर्टगेजवाल्यांची जाहिरात आली, समोरासमोरची दोन्ही पानं. काहीतरी काढावं लागणार होतं, आणि तुमचा लेख सगळ्यात लांब होता. मला तुम्हाला सांगायचा धीरच होईना. तुम्ही इतक्या मनापासून लिहिलं होतं!"

मी एका बॉक्सवर बसलो. तिने अंक उघडून दिला. जिथे डोल्मा खिंड असायला हवी होती तिथे टाय लावलेला एक गृहस्थ घराची किल्ली हातात धरून हसत होता. इतका देखणा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मी चहा मागितला. दोन कप प्यायलो. मुठीतल्या गोंदाच्या कांड्या तिथेच विसरलो. शरीरातला एकेक सांधा मोकळा होत गेला, गुडघ्यासकट.

रस्त्यावर आल्यावर मात्र मला राग आला. एक फोन करायला काय झालं होतं? आणि जाहिरातीसाठी कुणाचा लेख काढायचा याला काही धरबंध? पाककृती होत्या की चार! मी मागे फिरून बेल वाजवली. "उत्तरा, तू तो वाचला तरी होतास का?" ती म्हणाली, "वाचला ना काका. छान होता. जरा लांबला होता, इतकंच." गेली पंधरा मिनिटं जी मुलगी मला देवदूत वाटत होती तिच्याविषयीचं माझं मत मी बदललं.

ऑगस्टमध्ये नंदा आणि सुवर्णा गेल्या. गिरीश आणि मी त्यांना विमानतळावर सोडून घरी आलो. त्याला अजून कळत नव्हतं की त्याचं काय झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याला तळ्यावर घेऊन गेलो. रिकाम्या हातांनी एक फेरी, मग बाक. कुत्रेवाल्या बाईने मला ओळखलं आणि गिरीशकडे बघून आणखी एक ग्रनोला बार काढला. मी तो त्याला घेऊ दिला.

नंदा परत आली ती उन्हाने रापलेली, ओठ फुटलेले, डोळे असे की मी आधी कधी पाहिले नव्हते. वडिलांच्या देवघरातला तो फोटो तिने नेला होता. तिथे तो कैलासासमोर धरून उभी राहिली, एवढंच तिने सांगितलं. गणपतीत लोकांनी आग्रहाने तिला स्टेजवर बोलावलं, तर म्हणाली, "थंडी होती. ढग होते. शेवटी जरा वेळ दिसला. खूप बरं वाटलं." आणि खाली आली. माझी कित्येक पानं होती, त्यात ढग एकही नव्हता.

उत्तरा लगेच तिच्या मागे लागली, पुढच्या अंकाला लेख द्या. नंदा म्हणाली, मला लिहिता येत नाही, हे लिहून घेतील. तेव्हा रविवारी सकाळी आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, जसं झालं तसं. डोल्मा खिंडीपाशी आलो तेव्हा मी हळूच विचारलं, "अडखळलीस का गं कुठे?"

"एकदा."

"मग? कुणी हात दिला?"

"कुणी नाही. बसले, पाणी प्यायले, उठले."

तसंच लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीप्रमाणे खाली दोन रेघा मारल्या: एक काम करणाऱ्याच्या सहीसाठी, एक ते डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या. पहिल्या रेघेवर नंदाने सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"इथे नाही," मी म्हटलं. "मी तिथे नव्हतो. सुवर्णाला बोलाव."

सुवर्णा चपला सरकवत आली, सही करून वडे खायला बसली. मी पेनाचं टोपण लावलं, चहाला आधण ठेवलं आणि लॉन कापायला बाहेर पडलो.